पाठीवर मोजलेली बोटं

माय, माझं अपंगाचं नवीन कार्ड आलं. पोस्टमन मघाशी हातात देऊन गेला, तेव्हापासून मी त्याच्यावरून अंगठा फिरवत बसलोय. गुळगुळीत आहे, कोपरे गोल. वर माझा फोटो आहे म्हणतात आणि फोटोजवळ शंभर टक्के असं छापलंय. तुझ्या सुनेनं वाचून दाखवलं नि म्हणाली, "घ्या, एका विषयात तरी शंभर पडले." मी हसलो. तू हसली नसतीस, टक्क्यांचं आपल्या दोघांचं दुखणं जुनं आहे. आता दुपारची लाइट गेलीय. तहसीलसमोरचा रस्ता पेंगतोय, रसवंतीच्या चाकाचे घुंगरू मधेच एकदा वाजतात नि थांबतात. तुझी सून जेवायला घरी गेलीय, शटर अर्धं खाली ओढलंय, आणि मी फोनशी हळू आवाजात बोलतोय. मी बोलतो ते फोन लिहून घेतो. तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. तू होतीस तेव्हाच सांगायला पाहिजे होती. तुला जाऊन आता पंचवीस वर्षं होत आली.

तू बघितलंस ते नुसतं टेलिफोनचं बूथ, अपंगाच्या कोट्यातून मिळालेलं, केजच्या स्टँडजवळचं पत्र्याचं खोकं. ऊसतोडीला गेलेल्यांची माणसं तिथं फोनची वाट बघत बसायची, आणि मी पलीकडच्या नुसत्या श्वासावरून सांगायचो की बातमी चांगली आहे का वाईट. पुढं फोन सगळ्यांच्या खिशात गेले. मी झेरॉक्स घेतलं, मग कॉम्प्युटर. आता तहसीलसमोर दोन गाळे आहेत. मी तोंडानं सांगतो, तुझी सून टाइप करते. अपंगाला आता दिव्यांग म्हणतात, आणि दिव्यांगाला काय काय मिळतं ते तालुक्यात माझ्याइतकं कुणाला पाठ नसेल. एसटीत पाऊण तिकीट माफ, टक्के जास्त असले तर सोबत्याला अर्धं. निराधारचं महिन्याचं अनुदान. घरपट्टीत सूट. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला राखीव हिस्सा, जो मागायला गेल्याशिवाय कुणी देत नाही. अनुदानासाठी दरसाल जिवंत असल्याचा दाखला लागतो, तोही मीच काढून देतो. परवा एक म्हातारा म्हणाला, "मी सोता समोर हुबा हाय की रं, आजूक कसला दाखला?" मी म्हटलं, बाबा, मला तर तुम्ही उभे आहात का बसलेत तेही दिसत नाही, द्या अंगठा.

पण या सगळ्याच्या दाराशी एकच उंबरा आहे, चाळीस टक्क्यांचा. आणि त्या उंबऱ्याशी आपण दोघं कसे आपटलो, ते मला दुपारी डोळा लागला की अजून दिसतं. दिसतं म्हणजे, तेव्हा जेवढं दिसायचं तेवढंच: उजेडाचे डाग, आणि डागांच्या मधे माणसांचे काळसर खांब.

मी तेरा वर्षांचा होतो. तालुक्याला शिबिर लागणार, तिथं डॉक्टर टक्के काढून कागद देणार, कागद असला की अंध शाळेत नाव लागतं, असं तू कुणाकडून तरी ऐकून आलीस. टक्के म्हटल्यावर तू समजलीस परीक्षा. आठ दिवस तू माझी तालीम घेतलीस. अंगणात चुलीपाशी बसायचीस, एका हातानं भाकरी फिरवायचीस आणि दुसऱ्या हाताचं बोट माझ्या पाठीवर टेकवायचीस. एकदा टेकलं तर एक, तीनदा टेकलं तर तीन. "वळून बगू नगंस," म्हणायचीस. "डाक्टरकडंच बगायचं आन् बिनघोर सांगायचं." पिठाचा वास, धूर, आणि पाठीवर तुझं गरम बोट. इतकी मजा मला आयुष्यात पुन्हा कशात आली नाही.

शिबिर एका शाळेच्या व्हरांड्यात होतं. रांग लांब होती. आपला नंबर आला तेव्हा तू माझ्यामागं उभी राहिलीस, पदर असा धरलास की हात कुणाला दिसू नये. समोरच्या खांबानं हात वर केला. किती बोटं? पाठीवर दोनदा टेकलं. मी म्हणालो दोन. तो म्हणाला, बरोबर. आता किती? चार. बरोबर. आता? एक. बरोबर. मग त्यानं डोळ्यात बॅटरी मारली, काहीतरी पुटपुटला आणि कागदावर तीस लिहिलं. टेबलाजवळचा कारकून म्हणाला, "तीस टक्के. चाळीस लागतात, बाई. चला, पुढचा."

तू खरंच खचलीस. पण धीर सोडला नाहीस. त्याला म्हणालीस, "दहानंच गेलं नव्हं सायेब? म्होरल्या बारीला आजूक आभ्यास घेती की मी त्याचा." सगळा व्हरांडा हसला. मग एका म्हाताऱ्यानं तुला बाजूला घेऊन समजावलं, की बाई, इथं ज्याला दिसत नाही त्यालाच कागद मिळतो. गावापर्यंत आपण जीपमध्ये बसून आलो, तुझ्या बांगड्यासुद्धा वाजल्या नाहीत.

पुढलं शिबिर चार वर्षांनी लागलं. ती चार वर्षं मी तुमच्याबरोबर ऊसतोडीला येत राहिलो. तुम्ही उसाच्या फडात, मी मुक्कामाच्या कोपीत. पाचटाच्या भिंतीला पाठ लावून ऐकत बसायचो. कुठल्या बैलाची घंटा, कुणाच्या गाडीचं चाक कुरकुरतं, कारखान्याचा भोंगा वाऱ्यावर किती लांबून येतो. माझे कान तिथं तयार झाले, लोक म्हणतात त्याच्यावरच मी धंदा उभा केला. असेल. पण त्या कानांनी आणखी एक ऐकलं. कोपीकोपीतल्या बायांना तू सांगायचीस, "म्या माझ्या हातानं पोराचं वाटुळं केलं. ह्या बोटानं केलं." आणि त्या दिवसापासून तू माझ्या पाठीवर हात ठेवला नाहीस, माय. अंघोळीच्या वेळी तेल माझ्याच तळव्यावर ओतायचीस. वाट दाखवताना मनगट धरायचीस. गालावरून, डोक्यावरून हात फिरवलास, पाठीवरून कधीच नाही. तुला वाटलं असेल मला कळत नाही.

दुसऱ्या शिबिरात तू दोन्ही हात पदरात गुंडाळून दाराशीच उभी राहिलीस. डॉक्टर म्हणाले, मावशी, या जवळ. "न्हाई सायेब, मी हितंच बरी हाय." तोवर माझी होती ती नजरही बरीच गेली होती. कागद मिळाला, शाळेत नाव लागलं, आणि मग ते एसटीचे दिवस आले. सुट्टी लागली की तू न्यायला यायचीस. कंडक्टरनं पास बघितला की त्यानं विचारायच्या आत सांगायचीस, "मी ह्याची सोबती." आई म्हणायची नाहीस, सोबती म्हणायचीस, पासवर तोच शब्द होता म्हणून. मग खिडकीतलं सगळं मला सांगत बसायचीस. मांजरसुंब्याला गाडी थांबली की म्हणायचीस, "ढाब्याम्होरं एकजण ट्रकाखाली झोपलाय, त्याच्या पायाशी कुत्रं झोपलंय, दोगंबी सारकीच घोरत्यात बग." घाटात म्हणायचीस, "आता ढग लई खाली आलाय, हात काढला खिडकीतनं तर गावंल." मी हात बाहेर काढायचो. ढग लागायचा, खरं सांगतो. आता बायांना असंच अर्धं तिकीट आहे, माय, सोबत कुणी असो नसो. तुला आता माझ्या पासाची गरज पडली नसती. तरी परवा बीडला जाताना कंडक्टरनं विचारलं, सोबत कोण आहे, तेव्हा मी नकळत खिडकीकडं सरकून शेजारची जागा मोकळी केली.

आता ती गोष्ट. ही बोटांची हकिकत मी दुकानात शेकडो वेळा सांगितली असेल. कागद काढायला आलेली माणसं भेदरलेली असतात, त्यांना हसवायला बरी पडते. तुझी बोली काढून सांगतो, "दहानंच गेलं नव्हं सायेब?" रांग पोट धरून हसते. काल एक बाई आली, मुलीला घेऊन. पावलांवरून कळलं की मुलीचा एक पाय आखूड आहे, आणि आईची कुजबुजही ऐकू आली, "नीट चाल गं, पाय वढू नगंस." मी म्हटलं, ताई, तपासणीला पाय जसा पडतो तसाच पडू द्या, आणि नेहमीची गोष्ट सांगितली. सगळे हसले. ती हसली नाही. म्हणाली, "तवा तुमी केवढं व्हतात, दादा?"

"तेरा."

"आन् तुमचं कान तर तवाबी तिखटच आसतील."

"असतील की. का?"

"मंग रांगेत कुनी बोललेलं तुमाला आयकू आलं न्हाई व्हय?"

मी मशीन तिच्यापुढं सरकवलं नि म्हणालो, अंगठा ठेवा.

आलं होतं, माय. रांगेत असताना तू हापशावर पाणी प्यायला गेली होतीस. वर्गाच्या खिडकीच्या आत, पुढं तीस टक्के सांगणारा तोच कारकून कुणालातरी सांगत होता, "बोटं बरोबर सांगितली की कागद गेलाच समज." मला स्वच्छ ऐकू आलं. एवढ्यात तू परत आलीस, हात पुसायची घाई, बोट ओलंच. ते पहिल्यांदा टेकलं तेव्हा सदऱ्यातून गार लागलं. दिसत नाही, एवढे दोन शब्द म्हणायचे होते. पण मी गावच्या शाळेच्या भिंतीबाहेर बसून मोठा झालेलो. गुरुजी आतल्या पोरांना 'बरोबर' म्हणायचे ते रोज ऐकायचो. मला तो शब्द एकदा माझ्यासाठी पाहिजे होता. एकदा मिळाला, मग दुसऱ्यांदाही पाहिजे झाला, तिसऱ्यांदाही.

कोपीत सांगता आलं असतं. एसटीत तर कितीदा सांगता आलं असतं. शेवटच्या आजारात तू मला विचारलंस, "माझ्यावर राग हाय का रं, त्या बोटाचा?" आणि मी, शहाणा, बूथचा मालक, तुझा हात हातात घेऊन म्हणालो, न्हाई माय, मी कवाच माफ केलंय. तू किती वेळ रडलीस. मला वाटलं, हलकी झालीस.

लाइट आली, पंखा फिरायला लागला. कोपऱ्यावरून तुझ्या सुनेच्या चपला ऐकू येतायत, ती यायच्या आत हे फोनमधून पुसून टाकतो. उद्या ती बाई मुलीच्या अर्जाचा कागद न्यायला परत येणार आहे. विचारलं तर तिला खरं सांगावं असं मनात आहे. पण रांग असेल, माय, आणि रांग असली की मला लोकांना हसवावंसं वाटतं.