जननीचा गुडघा

प्रिय श्रीनिधी,

फोन न करता कागदावर लिहिते आहे, कारण फोनवर तू मधेच काहीतरी विचारशील आणि मी नेहमीसारखी विषय बदलेन. तुझ्या पुणेरी घरात माझ्या तंजावरी मराठीला कुणी हसलं तर हसू दे. तू धाकटी बहीण असूनही माझ्या वह्या तांबड्या पेनाने तपासायचीस, हे मी अजून विसरलेले नाही.

आमच्या अंबत्तूरच्या गल्लीत घरोघरी नाताळच्या कागदी चांदण्या लागल्या आहेत. अमलराजने आमचीही काढली, पुसली, वायर तपासली आणि परत माळ्यावर ठेवून दिली. जननी बापाकडे बघत होती. नऊ वर्षांच्या मुलीने इतकं गप्प राहू नये गं.

मागचा नाताळ आठवतो? जननीच्या अपघाताला सहा महिने झाले होते. दर वर्षी आम्ही पाळयंकोट्टैला सासूबाईंकडे जायचो, तिथे जननी हात तेलकट करून अनारशासारखे अदिरसम थापायला बसायची. नुकतं प्लास्टर काढलेला पाय घेऊन एवढा प्रवास कसा करणार? घरात सगळ्यांची तोंडं उतरलेली. तेव्हा तू, जिला नाताळातलं केकच्या पलीकडे काही ठाऊक नव्हतं, व्हिडिओवरून आमच्या घरात एक नवीच प्रथा सुरू करून दिलीस. एक डिसेंबरपासून रोज भिंतीवर एक चांदणी, कालच्यापेक्षा एक वीत पुढे, आणि तिथपर्यंत चालत जाऊन ती जननीनेच चिकटवायची. रोज चार वाजता तू तिकडून "वाकव गुडघा, अजून वाकव" म्हणून ओरडायचीस आणि ती सख्ख्या मावशीला तमिळमधून शिव्या द्यायची. वर "चित्ती, उद्या लवकर फोन कर" हेही म्हणायची. पंचवीस तारखेला ती दारापर्यंत पोचली तेव्हा चर्चची गाणारी मंडळी उंबऱ्यातच उभी होती, आणि अमलराज त्या सगळ्यांसमोर हुंदके देऊन रडला. पुढच्या नाताळला जिना उतरायचा, असं तू जाहीर करून टाकलंस आणि रोजचा फोन चालूच ठेवलास.

भरपाईच्या दाव्याचं तुला अर्धंच माहीत आहे. श्रीपेरुंबुदूरच्या कामगारांना नेणारी बस शाळेच्या ऑटोवर आदळली, चूक बसवाल्याची, हे पोलिसांनीच लिहून दिलं होतं. प्रश्न राहिला जननीच्या पायाचा. तो किती टक्के निकामी झाला ते वैद्यकीय मंडळाचे डॉक्टर ठरवणार, त्यावर तिची भरपाई ठरणार, आणि ती अठरा वर्षांची होईपर्यंत बँकेत राहणार. कोर्टाच्या बाकावर तारखेची वाट बघत बसले होते, तिथे एका बाईने बोलणं काढलं. तिच्याही मुलाचा दावा चालू होता. म्हणाली, पोरगी चांगली चालायला लागली तर टक्के कमी होतात, अम्मा, मंडळापुढे जाईपर्यंत तिचा व्यायाम थांबवा. मी वकिलांना विचारलं नाही. अमलराजलाही नाही. विचारलं असतं तर कुणीतरी नको म्हणालं असतं, आणि मला ते ऐकायचं नव्हतं. आम्ही दोघं गेल्यावर या पोरीच्या हाताशी काय राहील, एवढं एकच माझ्या डोक्यात बसलं होतं.

जूनमध्ये व्यायाम बंद केला. मंडळाची तारीख जुलैची होती, ती ऑगस्टवर गेली, मग सप्टेंबरअखेर. दर वेळी वाटायचं, एवढे दिवस थांबलो तर अजून थोडे. जननीला सांगितलं, पायाला विश्रांती हवी आहे. अमलराजलाही तेच सांगितलं. एकदा ती गुपचूप भिंत धरून चालताना सापडली तर मी तिला रागावले. स्वतःच्या लेकीला, चालली म्हणून! मंडळापुढे तिला पाय ओढून दाखवावा लागला नाही. गुडघा खरोखरच आखडला होता.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, व्यायाम कधीपासून बंद आहे? जननीनेच बोटांवर महिने मोजून सांगितलं. ते अहवालात आलं. बसच्या विमा कंपनीचा वकील आता म्हणतो, हा पाय अपघाताने नाही, आईच्या हलगर्जीपणाने गेला. त्याला नावं ठेवायला मला तोंड उरलेलं नाही. आमच्या वकिलांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, उपचार चालू ठेवले असते तर दावा भक्कमच राहिला असता, एक फोन तर करायचा होतात. हाडांचे डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन करू, पण पूर्वीएवढा वाकेलच असं नाही. अमलराज माझ्याशी जेवणापुरतं बोलतो. मी आपल्या देवांपुढे बसते, त्याच्या देवापुढेही बसते, आणि कुठेच काही मागावंसं वाटत नाही.

हे सगळं तुला न सांगताही मी राहिले असते, इतकी मी भित्री आहे. पण परवा जननीने शाळेच्या वहीत 'माझी माणसं' म्हणून नावं लिहिली आणि त्यात तू नव्हतीस. विचारलं तर म्हणाली, चित्तीला मी आवडत नाही. श्रीनिधी, व्यायाम थांबवायचा तर तुझा फोन थांबवणं भाग होतं. म्हणून तुला मी सांगितलं, की जननी तुझ्यावर चिडली आहे, फोनवर यायलाच तयार नाही, काही दिवस तिच्या वाटेला जाऊ नकोस. तू माझ्यावर विश्वास ठेवलास. आणि तिला सांगितलं, की चित्तीला आता वेळ नाही, ती कंटाळली. पंधरा दिवस ती चार वाजले की फोनजवळ जाऊन बसायची. मग बसेनाशी झाली. ती खोटी गोष्ट परत घ्यायचा मी तीनदा प्रयत्न केला, तीनदा तिला दुसरंच काही विचारून उठले. अमलराजला आज सांगितलं, तो चपला घालून बाहेर निघून गेला. हे पत्र मिळालं की त्याच्या फोनवर फोन कर आणि जननीला मागून घे. माझ्याशी बोलू नकोस. कोण खोटं बोललं ते तिला तुझ्या तोंडून कळू दे, आणि माझी बाजू घेऊ नकोस. ती तुझं तरी ऐकेल. मग मला आई म्हणायचं की नाही, ते तिचं ती ठरवू दे.

तुझीच, अजून म्हणू देशील तर,
नित्या अक्का