आतोबांचा मासा आणि आमची पाणमांजरं

तीर्थरूप आत्यास,

तुझ्या पदवीधर भाचीचा चिखलासकट नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? आतोबांचा रक्तदाब आटोक्यात आहे ना? (नसला तर कारण मीच आहे, ते पुढे येईलच.)

'एवढं शिकून मांजरं राखतेस?' हा तुझा प्रश्न बाबांनी पोचवला. (फार आनंदाने पोचवला.) आत्या, ही मांजरं नव्हेत, पाणमांजरं आहेत. आपल्या तलावातून ती आजोबांच्या काळातच नाहीशी झाली होती. ती परत आणायला अनुदान मिळालं, आणि ते येतं हौसेने गळ टाकून बसणाऱ्यांच्या परवाना फीमधून, म्हणजे आतोबांच्याच खिशातून. त्यातूनच काठाची पायवाट झाली, बाकं आली, मचाण झालं. प्राण्यांनी परतावं, माणसांनी फिरावं! योजना वाचूनच मला गहिवरून आलं होतं.

गहिवर नडला. फीचं काय होतं ते लोकांना डोळ्यांनी दिसावं, म्हणून मी आतोबांचं अख्खं गळमंडळ मचाणावर नेलं. भाषण ठोकलं. 'हा पाहा तुमचा पैसा!' म्हणून पाण्याकडे हात केला, आणि नेमकं तेव्हाच एक पाणमांजर हातभर मासा घेऊन समोरच्या खडकावर चढलं. दोन्ही पंजांत धरून, डोक्यापासून सुरुवात करून, त्याने तो सावकाश संपवला. (कुरुमकुरुम आवाज मचाणापर्यंत येत होता.) शिंपीकाका म्हणाले, "असा मासा मला उभ्या जन्मात लागला नाही." आतोबा म्हणाले, "पोरी, फी आम्ही भरायची आणि जेवायचं यांनी?"

तेव्हापासून मंडळाचं एकच पालुपद: पाणमांजरं हलवा, नाहीतर फी बंद. रविवारी बैठक आहे. फी बंद तर अनुदान बंद, आणि मग पिंजरा घेऊन मलाच जावं लागेल. मादीला पिल्लं झाली आहेत गं. अजून डोळेही उघडलेले नाहीत.

पण या आठवड्यात नवल घडलं. शिंपीकाका नेहमीसारखे रिकाम्या हाताने घरी गेले आणि म्हणाले, "लागला होता चांगला, पाणमांजराने ओढून नेला." काकूंनी टोमणा मारायचा सोडून चक्क हळहळून चहा दिला! बातमी काठभर पसरली. आता रोज कुणाचा तरी मासा पाणमांजर नेतं आणि दर वेळी तो वीतभर वाढतो. चेहरे काय खुललेत एकेकाचे! "राहू देत बिचारी," असं काका परवा हळूच म्हणालेसुद्धा. अडून आहेत ते एकटे आतोबा, आणि मंडळ त्यांच्या शब्दाबाहेर नाही.

थोरांना नमस्कार, धाकट्यांना माझा धाक.

तुझी,
मांजरं राखणारी

ता. क. खरं काम आता सांगते. आतोबांनी घरी हे 'पाणमांजराने नेला' अजून सांगून पाहिलेलं नाही. तू 'आणलंत काही, की माशांनाच जेवू घालून आलात?' असं विचारून हसतेस, त्याची त्यांना धास्ती आहे. शनिवारी सांगतील. कृपा करून हसू नकोस. 'अगं बाई! केवढा होता?' एवढंच विचार, आणि हात पसरतील तेवढे पसरू देत.

आणखी ता. क. पत्र फाडून टाक. खरेपणाबद्दलची माझी मतं तुला पाठ आहेत. ती रविवारपर्यंत बासनात बांधली आहेत. कारण आतोबा बसतात त्या काठाला आमचं एकही पाणमांजर अजून फिरकलेलं नाही.