तू न सांगितलेला म्हातारा

प्रिय ताई,

हे मात्र तू बरं नाही केलंस. त्या नावाड्याच्या सिनेमात त्याचा म्हातारा बाप असतो, हे तू मला आजवर सांगितलंच नाहीस! गेल्या सुट्टीला तो सिनेमा इथे लागला. मी ऐटीत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की मला हा पाठ आहे. आणि पहिल्याच सीनला होडीत एक म्हातारा जाळं विणत बसलेला! मी मोठ्याने म्हणालो, हा कोण, हा आमच्यात नव्हता. सगळे हसले. मला वाटलं, पुढच्या काठाला उतरून जाईल. पण अर्धा सिनेमा त्याचाच, गं. पोराला शिव्या काय घालतो, त्याच्याच ताटात माशाचा मोठा तुकडा काय सरकवतो. मग पूर येतो आणि पोरगा रिकामी होडी ओढत घरी येतो. तुझ्या सिनेमात नावाडी मुळात एकटाच होता आणि नुसता गात होता.

फोनवर तू म्हणतेस, तुला सिनेमातलं काय कळतं. कळतं. आम्ही हॉटेलच्या चादरी धुतो, तेव्हा पडदाही आमचाच. डाग न निघालेल्या दोन बाद चादरी जोडून शिवल्यात. शिवण बरोबर मधोमध येते, त्यामुळे प्रत्येक हिरोच्या नाकावरून टाके गेलेले. भर दुपारी खिडक्यांना घोंगड्या लावतो. शेजारच्या इस्त्रीच्या खोलीतून वाफ येत राहते आणि सिनेमाच्या मशीनचा उजेड तिच्यात अडकतो. सिनेमा चादरीवर पोचायच्या आधी हवेतच हलायला लागतो. हात वर केला की कुणाचा तरी चेहरा बोटांवरून सरकतो. एकदा माझ्या तळहातावर समुद्र होता.

सध्या सगळे दोन चोरांच्या सिनेमावर फिदा आहेत. मला नाही आवडला. एवढं पळायचं तर चोरी कशाला, एखाद्या शर्यतीत जायचं. त्यात हॉटेलची खोली दाखवलीय आणि चादरीची घडी चक्क उलटी! आमच्या मुकादमबाई उठून पडद्यालाच ओरडल्या. मला आवडला तो दीपगृहातल्या बाईचा. त्यात काहीच होत नाही. ती कपडे वाळत घालते, वारा येतो, ती कपडे काढते. बाकीचे घोरत होते. मी मात्र मनाने आपल्या घराच्या मागच्या पायरीवर बसलो होतो. नंतर कितीतरी दिवस धुण्याच्या मशीनमधून उशांचे अभ्रे बाहेर येताना वाटायचं, आत कुणीतरी झोपेत बोलतंय. मुकादमबाईंनी विचारलंही, कुठे असतोस रे? त्या सध्या माझ्या मागेच लागल्यात. या महिनाअखेर पुढच्या दोन वर्षांच्या कामाच्या कागदावर सही करायचीय, आणि सही केली की मधे घरी जाता येत नाही. मी म्हटलं, आधी घरी विचारतो.

तर, मूळ भांडण. आपल्याकडे एकाच तिकिटापुरते पैसे असायचे आणि तू मोठी म्हणून तू जायचीस. परत आलीस की मी खाटेवर, आई भाजी निवडत, आणि तुझा सिनेमा सुरू. मारामारीला तू उशी बडवायचीस. आई म्हणायची, हळू, कापूस निघेल. एकदा तू एका बाईच्या मरणाचं अगदी खरं खरं सांगितलंस आणि मी रडून रडून ताप काढला. त्यानंतर तुझ्या सिनेमात कुणी मेलंच नाही. मला वाटायचं, नशीबवान माणसांचेच सिनेमे तू बघतेस. आता इथे एकेक जुना सिनेमा लागतो आणि अनोळखी माणसं निघतात. मास्तरच्या सिनेमात त्याला धाकटी बहीण होती. सर्कसवाल्यात विदूषक दोन होते. तू शेवट बदलायची नाहीस. जे जाणार, त्यांना आधीपासूनच गाळायचीस. मी चिडलो होतो, खरंच. मग वाटलं, एवढीशी पोरगी होतीस तू, थेटरातून घरी येईपर्यंत किती उसवून शिवत असशील.

हे फोनवर बोललो असतो, पण फोनवर तू विषय बदलतेस. म्हणून गावी निघालेल्या आचाऱ्याजवळ हे पत्र देतोय. परवा मी तुझे महिन्याभराचे निरोप पुन्हा ऐकले. त्यात बाबा आहेत, छपराचे नवे पत्रे आहेत, शेजारच्या काकूंचं नळावरचं भांडण आहे, मांजरीची पिल्लंसुद्धा आहेत. आई कुठेच नाही. तिच्या तपासणीचं विचारलं की तू पिल्लांचे रंग सांगतेस. ताई, मला आता ताप येत नाही. आला तर येऊ दे. तिला काय झालंय ते सगळं सांग, आणि फोन तिच्या कानाला लाव, तिला बोलवत नसेल तरी लाव. कागदावर मी सही करत नाही. मोठ्या डॉक्टरांकडे न्यायला माझी वाट बघू नकोस. माझ्या तिकिटापुरते ठेवून उरलेले सगळे आचाऱ्याकडे दिलेत, एकतीस हजार.

तुझाच,
बारक्या