हळदीतलं बी

१४ मे
उन्हानं धिंगरी मशरूमच्या सगळ्या पिशव्या वाळल्या. एकच वाचली, मोरीजवळची. एवढ्या उकाड्यात तिला छत्र्यांचा झुपका आला! दरसाल मार्चातच मशरूम बंद पडतं आपलं. हिचं बी धरता आलं तर उन्हाळाभर पीक निघंल. पण आधी उगवायला पाहिजे.

१५ मे
काल मोठी छत्री फॉइलवर पालथी घालून वर वाटी झाकली होती. सकाळी खाली पिठागत पांढरी छाप. हेच बीजाणू. वाळवले, फॉइलची घडी घालून कागदात पुडी बांधली, फ्रिजमध्ये ठेवली. बाकीचा झुपका सुकला, दुसरी छत्री न्हाई, एवढंच काय ते.

१९ मे
दोन दिवस लाईट न्हाई. फ्रिजला पाणी सुटलं. पुडी सासूबाईंच्या हवाली केली. तुरीपासून दोडक्यापर्यंत घरातलं बी त्याच सांभाळतात, दाणा किडत न्हाई. "आत्याबाई, बी हाय, कोरडी राहू द्या फक्त," एवढंच म्हणले.

२६ मे
वसमतहून अगर आणलं, बी उगवायला लागणारी जेलीची पावडर. बटाट्याचं पाणी, साखर, अगर बाटल्यांत भरून कुकरमधून काढलं. पुडी उघडली तर पिवळीधम्मक! कडुलिंबाचा पाला अन् वर हळद चोळलेली. अहो, हळद बुरशीला मारती, अन् मशरूम म्हंजे बुरशीच की! डोकंच फिरलं. आत्याबाईंवर ओरडले, "कुणी सांगितलं होतं शहाणपण?"
"बी हाय म्हणलीस ना? बी असंच ठेवतेत."
बराबर होतं त्यांचं. सांगायचं मीच राहिले होते. पण तोंडातून गेलं ते गेलं.

२७ मे
फॉइलच्या घडीत हळद कमी लागलेली. तिथलं सुईनं खरवडून चार बाटल्यांत टाकलं.
आत्याबाई बोलत न्हाईत. ताट वाढलं तर "भूक न्हाई."

३१ मे
तीन बाटल्या दुसऱ्याच बुरशीनं हिरव्या पडल्या. फेकल्या. चौथीत काहीच न्हाई. हे म्हणतात, "काहून जीव जाळून राहिलीस? बियाणं विकत मिळतं की." मिळतं हो. पण मेमध्ये तगणारं?
रडू आलं. न्हाणीत जाऊन रडले.

३ जून
चौथ्या बाटलीत कडेला पांढरं काहीतरी. नखाएवढं. आपलं का दुसरी बुरशी, आज सांगता येत न्हाई. पांढरं राहिलं तर आपलं. दोन दिवसांत कळंल.
बाटली उजेडात धरली तर आत्याबाई मागं उभ्या. आठ दिवसांनी पहिल्यांदा आपणहून बोलल्या, "उगवलं का गं?"
नक्की न्हवतं, तरी मी "व्हय" म्हणून बसले.