बाबांचा हिरवा दगड आणि चहाच्या खोलीतला पंखा

कॉपर वेल, गुरुवार

चि. लेस्टर यास थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद (राग असला तरी आशीर्वाद द्यावेच लागतात).

तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं तिऱ्हाइताकडून कळलं. इकडे सगळे खुशाल आहेत, म्हणजे आमच्या म्युझियमच्या अध्यक्षाने, क्लॅरी पेंगेलीने, अजून कुणाचा जीव घेतलेला नाही एवढंच.

गेल्या महिन्यात सरकारी बाई किरणं मोजायचं मीटर घेऊन तपासणीला आली. खाणीतले युरेनियमचे बारा दगड, त्यात बाबांना सापडलेला हिरवाही, आम्ही इतकी वर्षं लाकडी कपाटात कोंडून ठेवले होते. त्यातून निघणारा वायू कोंडून साठतो, म्हणून हवा बाहेर जाईल अशा खोलीत ठेवा, असं तिने बजावलं आणि तसं पत्रही दिलं. पंधरा दिवसांत सोय झाली नाही, तर सगळे दगड उचलून नेणार, बाबांचासुद्धा! मी नेमकी दातांसाठी चार दिवस शहरात गेले. बाहेर हवा फेकणारा पंखा अख्ख्या इमारतीत एकाच खोलीत, चहाच्या. झालं! परत येऊन बघते तर क्लॅरीने युरेनियम तिथल्या फळीवर मांडलेलं, चहाबरोबरच्या स्कोन-केकच्या डब्याशेजारी.

मी कडाडले, तर क्लॅरी म्हणतो, "अगं विनी, पत्रात हवेचं लिहिलंय. चहाबद्दल एक शब्द तरी आहे का?" वर चहापाणी बघणारी आयव्ही (वय बहात्तर, अक्कल अजून वाटेत आहे) पिसांच्या झटकणीने बाबांचा दगड रोज झटकत होती. अरे, त्याचे पापुद्रे सुटतात! ती पूड पोटात जाऊ नये म्हणून हातमोजे घालायचे, हात धुवायचे, आणि ही बया त्याच्याच खाली केक कापत होती. म्हणे, "धूळ दिसली तर पाहुणे काय म्हणतील?" पाहुणे! वर्षाला साठ येतात, त्यातले निम्मे संडास शोधत.

मी सगळे केक फेकले, खोली ओल्या फडक्याने पुसून घेतली, पंखा उचकटून मागच्या पत्र्याच्या खोलीत बसवला, प्रत्येक दगडाला वेगळा डबा दिला आणि कुलपाची किल्ली गळ्यात अडकवली. आता चहाची वाफ कोंडते म्हणून सगळी मंडळी माझ्याशी अबोला धरून आहेत. धरोत!

तुझी,
विनी

ता. क. मंगळवारी ती बाई पुन्हा आली. खोली पसंत पडली, दगड राहिले. पण निघताना तिचं मीटर माझ्या पर्सपाशी ठणाणा करू लागलं. आत बाबांनी मला दिलेला तुकडा होता. क्लॅरी हसून हसून खुर्चीवरून पडला. मेला कुठला!

ता. क. दुसरा. बाबांनी त्या दगडाचे तीन तुकडे केले होते. थोरला मी म्युझियमला दिला म्हणून तू अकरा वर्षं माझ्याशी बोलत नाहीस, आणि तुझा उशाशी ठेवून झोपतोस, असं ऐकलं. मूर्खा, आधी तिथून हलव. टपालाने पाठवू नकोस, चालत नाही. गुडघा बरा झाला की तूच घेऊन ये, डब्यात घालून, गाडीच्या मागच्या बाजूला. बाबांच्या दगडाशेजारी एक डबा रिकामा ठेवलाय. त्यावर तुझं नाव मी आधीच लिहून ठेवलंय.