काकांची गाडी आणि माझी

१० ऑगस्ट, रविवार
ज्यांनी राहायला खोली दिली, त्यांच्याच गाडीबद्दल खरं लिहावं का?

सुमंतकाका स्वतःच म्हणाले, "उल्का, मंडळाच्या गणपती स्मरणिकेत लिही. माझी सत्तर सालची दणकट इंजिनाची मसल कार विरुद्ध तुझी टिनपाट!" टिनपाट म्हणजे माझी दोन वर्षांची, दोन दारांची छोटी कूपे.

आज दोन्ही चालवल्या. काकांची सुरू झाली आणि पोटात थरथरलं. इथे परदेशात, पार्सिपनी गावातही लोक वळून बघतात! माझी सुरू झालेली मलाच कळत नाही. कबूल. पण सिग्नलला काकांचं ब्रेक पेडल पार खाली गेलं — दोनदा पंप केलं, तेव्हा थांबली. मागच्या सीटला पट्टे नाहीत. आणि दर वर्षी मिरवणुकीत ह्याच गाडीत पुढे मूर्ती, मागे मंडळाची चार मुलं!

११ ऑगस्ट
बाबांना कराडला फोन केला. तीस वर्षं गॅरेज चालवतायत. "पंप करून ब्रेक लागतो? पोरं बसवू नका त्यात." मग हळूच, "पण त्यांना दुखवू नको गं. मोठी माणसं आहेत."

घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. तरी मोठी माणसं तीच.

१७ ऑगस्ट
काकांना ब्रेकचं सांगितलं. हसले. "पंचवीस वर्षं आणतोय बाप्पाला! एवढी शिकलीस, पण तुझं गॅरेज काही सुटलं नाही." पाहुणे बसले होते. तेही हसले.

मला बाबांचे काळे हात आठवले. लाज वाटली — हसणाऱ्यांची नाही, माझ्या गप्प बसण्याची.

२० ऑगस्ट
स्मरणिकेचं संपादन काकांच्या बायकोकडे, कांचनकाकूंकडे. लेख परत आला. ब्रेकचा परिच्छेद गायब! शेवटी त्यांचं वाक्य, माझ्या नावावर — 'अशी भक्कम गाडी पुन्हा होणे नाही.'

"सणासुदीला अभद्र नको गं," काकू म्हणाल्या. "चल, जेवून घे." जेवले.

२७ ऑगस्ट
स्मरणिका आली. सगळे म्हणतात, छान लिहितेस यार!

३० ऑगस्ट, शनिवार
काल चारही मुलांच्या घरी जाऊन आईवडिलांना ब्रेकच्या परिच्छेदासकट मूळ लेख दिला. आज काकांच्या गाडीत फक्त बाप्पा आणि काका. मुलं मागून चालत होती, झांजा वाजवत. काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

माझं सामान कूपेत मावलं. खोलीची किल्ली सकाळीच काकूंच्या हातात दिली होती.