भराव फुगतोय

४ मार्च
पुन्हा दोन मिलिमीटर वर. नवा भराव थोडा खचतोच, ते समजू शकते. हा फुगतोय! रस्त्यासाठी डोंगर फोडायचा नाही, पोलादाच्या भट्टीतला टाकाऊ स्लॅग वापरू, हा हट्ट माझाच. दोन वर्षं सगळ्यांचं डोकं खाल्लं. आणि स्लॅगची खोड हीच — कच्चा राहिला तर पाण्याने फुगतो. सहा महिने भिजवून मगच घातला होता. तरी फुगतोय.

७ मार्च
जेवण गेलं नाही.

११ मार्च
एकूण पाच. मोठे साहेब म्हणाले, "मॅडम, पंधरा दिवस देतो. नाहीतर सगळा उकरा, आणि तुमचं ते टाकाऊतून टिकाऊ बंद." वर हसले. प्रयोगशाळेतले नमुने मात्र ढिम्म, केसभरही फुगलेले नाहीत. मग बाहेरच काय भूत शिरलंय?

संध्याकाळी आईकडे. तिच्या इमारतीच्या पायरीवर आमचा बेंचमार्क, म्हणजे पक्की खूण आहे, भरावाच्या सगळ्या उंच्या तिथून मोजतो. मीच निवडला. चाळीस वर्षांची इमारत, शिवाय मोजणी झाली की वर डोकावता येतं. आईला सगळं सांगितलं. म्हणाली, "गेली नोकरी तर इथे ये राहायला. हे घर कुठे पळून जातंय?" रडूच आलं.

१५ मार्च
नऊ.

१७ मार्च
सर्व्हेअर काका वही पुढे सरकवून म्हणाले, "भरावावर पाच जागी मोजतो, पाचही जागी नऊच कसा? फुगायचंच तर इथे जास्त, तिथे कमी फुगेल." महिन्यातून एकदा दुसऱ्या खुणेवरून पडताळायचं असतं. मी केलं नाही. घाई, दुसरं काय! उद्या टेकडीवरच्या खडकातल्या खुणेवरून मोजायचं.

१८ मार्च
भराव तसूभरही हललेला नाही. मला हसू फुटलं — लाज वाटते लिहायला, पण आधी हसूच आलं. काका हसले नाहीत. "म्हणजे पायरी खाली चाललीय." सतरा मिलिमीटर, त्यातले आठ गेल्या तीन दिवसांत. आईच्या इमारतीशेजारच्या बांधकामावर महिनाभर पायाच्या खड्ड्यातलं पाणी उपसताहेत, त्याने भोवतालची जमीन खचते. आम्ही भरावाकडेच बघत बसलो.

दुपारी, गाडीत
काका चालवताहेत. आईला फोन केला — सगळ्यांची दारं वाजव, अंगावरच्या कपड्यांनिशी खाली या.
म्हणाली, "का गं, रस्ता पडला का तुझा?"